विहिरीवरील यारी : शॅकलची निवड आणि निगा

मोटेच्या काळात शेतकरी पहाटे बैल जुंपण्यापूर्वी एक काम न चुकता करीत असे. तो नाडा हातात घेऊन वितीवितीने चाचपून पाही. एखादा पदर विरलेला दिसला, तर नाडा दुरुस्त झाल्यावाचून मोट धरली जात नसे. भरलेली मोट वर येत असता नाडा तुटला तर मोट विहिरीत जाते आणि धावेवरील बैल तोंडघशी पडतात, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते.

मोट आता गेली. विहिरी मात्र पूर्वीपेक्षा खोल झाल्या. वरचा मातीमुरुमाचा थर यंत्राने काढला, तरी खालच्या काळ्या कातळातील डबर वर आणण्याचे काम अजूनही ठिकठिकाणी यारीच करते. नाड्याची जागा तारदोराने घेतली व मोटेची जागा लोखंडी बकेटने. परंतु नाडा चाचपण्याची सवय या नव्या साधनांबरोबर आली नाही. यारी ठेकेदाराची, म्हणून शेतकरी तिच्याकडे पाहत नाही. काम रोजचेच, म्हणून ठेकेदार पाहत नाही. विहिरीत उतरणाऱ्या मजुराला तर विचारण्याचा धीरच होत नाही.

तारदोर आणि बकेट यांना जोडणारी एक लहानशी कडी असते. तिला बाजारात शॅकल म्हणतात. तळहातावर मावेल एवढ्या या वस्तूवर पाच-सहाशे किलोंचा भार दिवसातून अनेक वेळा लोंबकळतो, आणि त्याच्या बरोबर खाली माणसे काम करीत असतात. हल्ली दुकानांतून स्टेनलेस पोलादाची चकचकीत शॅकले सहज मिळतात. जे गंजत नाही ते तुटतही नाही, अशा समजुतीने ती घेतली जातात. ही समजूत चुकीची असून प्रसंगी प्राणावर बेतणारी आहे. शॅकल कशाचे आहे याच्या आधी ते किती भारासाठी केलेले आहे, हे पाहिले पाहिजे.

शॅकलची रचना

शॅकलचे दोन भाग असतात : एक वाकविलेली कमान व दुसरी तिचे तोंड बंद करणारी पिन. कमानीच्या दोन्ही टोकांना भोके असलेले कान असतात. पिन एका कानातून आत जाऊन दुसऱ्या कानातील आट्यांत बसते. काही शॅकलांत पिनेऐवजी आरपार जाणारा बोल्ट, त्यावर नट व नटाच्या बाहेर दुपाखी कॉटर पिन अशी योजना असते.

कमानीच्या आकारावरून दोन प्रकार पडतात. डी-शॅकल अरुंद असते. ते केवळ सरळ रेषेतील ताणासाठी योग्य होय. बो-शॅकलची कमान गोलाकार व रुंद असते. तीत दोन-तीन साखळ्यांची टोके एकत्र अडकविता येतात. बकेटला तीन साखळ्या असून त्या एकाच ठिकाणी जोडावयाच्या असल्यास बो-शॅकल घ्यावे.

बसविण्याच्या पद्धतीचाही विचार करावा. यारीची बकेट वर-खाली जाताना गरगरते व हिसके खाते. अशा कामात साधी आट्यांची पिन हळूहळू सैल होण्याचा संभव असतो. म्हणून यारीवर कायम बसवून ठेवावयाचे शॅकल नट व कॉटर पिनेचे असणे उत्तम. जे शॅकल दर वेळी काढावे व घालावे लागते, तेथे आट्यांची पिन सोयीची पडते.

भाराचा हिशेब

शॅकल घेण्यापूर्वी भाराचा हिशेब करावा. तो अवघड नाही. समजा, बकेटचा व्यास ७५ सें.मी. व उंची ६० सें.मी. आहे. तिच्यात सुमारे पाव घनमीटर डबर मावते. फुटलेल्या कातळाचे वजन दर घनमीटरला सुमारे १,६०० किलो धरले, तर एका खेपेस ४०० किलो दगड झाला. रिकाम्या बकेटचे वजन १०० किलो धरू. विहिरीला पाणी लागले असेल, तर दगडांच्या फटींतून आणखी ८० ते १०० किलो पाणी व गाळ वर येतो. एकूण भार ६०० किलो झाला.

हा शांतपणे टांगलेला भार झाला. तारदोर ढिला असता यारी एकदम चालू केली, किंवा उतरणारी बकेट मध्येच करकचून थांबविली, तर क्षणभर पडणारा ताण स्थिर भाराच्या दुप्पट होतो. दोर जास्त ढिला असल्यास त्याहूनही अधिक होतो. म्हणजे ६०० किलोंच्या बकेटने १,२०० किलोंचा झटका देणे ही अपवादाची गोष्ट नव्हे. म्हणून अशा बकेटसाठी दोन टन सुरक्षित भाराचे शॅकल निवडावे, त्याहून लहान घेऊ नये.

सुरक्षित भार आणि तुटण्याचा भार यांत घोटाळा होऊ देऊ नये. चांगल्या शॅकलवर जो आकडा उठविलेला असतो तो सुरक्षित कार्यभाराचा. त्याच्या आधी बहुधा ‘डब्ल्यू.एल.एल.’ ही इंग्रजी अक्षरे असतात. शॅकल प्रत्यक्ष तुटण्याचा भार याच्या चार ते सहा पट असतो. ही शिल्लक पाहून काही कारागीर म्हणतात, “दोन टनांचे शॅकल आठ टन सहज उचलते.” असे म्हणणे म्हणजे बियाण्यासाठी राखून ठेवलेली ज्वारी खाण्यासारखे आहे. ती शिल्लक झीज, झटका आणि नजरेतून सुटलेला दोष यांसाठी ठेवलेली असते. ती रोजच्या भारात खर्च केली, तर अडचणीच्या क्षणी हाताशी काहीच उरत नाही.

ज्या शॅकलवर भाराचा आकडा किंवा कारखान्याची खूण नाही, ते वरून कितीही जाड दिसले तरी माणसांच्या डोक्यावर भार टांगण्यासाठी घेऊ नये. बैल बांधावयास किंवा फाटक अडकवावयास त्याचा खुशाल उपयोग करावा.

स्टेनलेस पोलाद : गुण आणि मर्यादा

पोलादात सुमारे साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम मिसळले, की त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, न दिसणारा थर तयार होतो. हा थर खरवडला गेला तरी हवेतील किंवा पाण्यातील प्राणवायू मिळताच पुन्हा भरून येतो. स्टेनलेस पोलाद गंजत नाही याचे कारण हे होय. या गुणाचा त्याच्या ताकदीशी थेट संबंध नाही. बाजारातील सर्वसाधारण स्टेनलेस शॅकल आणि उचलण्याच्या कामासाठी खास तयार केलेले, घडीव, जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी शॅकल सारख्याच जाडीचे घेतले, तर स्टेनलेस शॅकलचा सुरक्षित भार बराच कमी, कित्येकदा निम्म्याच्या आसपास असतो. १३ मि.मी. जाडीच्या घडीव पोलादी शॅकलवर दोन टनांचा आकडा असतो. तेवढ्याच जाडीच्या स्टेनलेस शॅकलवर एक टनाच्या जवळपासचा आकडा आढळला तर नवल नाही. वरच्या हिशेबातील १,२०० किलोंचा झटका त्याच्या सुरक्षित मर्यादेबाहेर जातो. म्हणून जुने शॅकल काढून तेवढ्याच जाडीचे स्टेनलेस बसविले, की काम भागले असे मानू नये. आकडा आकड्याशी ताडून पाहावा.

काही स्टेनलेस शॅकले घडीव नसून ओतीव असतात, तर काही केवळ शोभेची किंवा किरकोळ बांधणीची असतात. त्यांच्यावर भाराचा आकडा नसतो. अशी शॅकले यारीसाठी निषिद्ध समजावीत.

मग स्टेनलेस शॅकल घ्यावे तरी कोठे? जेथे वस्तू महिनोन्‌महिने ओलीत राहते, रोज हाताळली जात नाही व भार स्थिर असतो, तेथे त्याचा खरा उपयोग आहे. पाणबुडी पंपाचा आधारदोर हे याचे चांगले उदाहरण होय. ६० मीटर खोल सोडलेल्या पंपाचा हिशेब पाहा. दीड इंची लोखंडी नळाचे वजन मीटरला सुमारे साडेतीन किलो, म्हणजे २१० किलो. नळात भरून राहिलेले पाणी सुमारे ८० किलो. पंप व मोटार ६० किलो धरल्यास एकूण भार ३५० किलोंच्या घरात जातो. येथे एक टन सुरक्षित भाराचे, आकडा उठविलेले स्टेनलेस शॅकल पुरेसे होते व जस्ताच्या मुलाम्यापेक्षा अधिक टिकते. यारीच्या रोजच्या झटक्याच्या कामाला मात्र घडीव, मुलामा दिलेले व भारांकित पोलादी शॅकलच अधिक योग्य आणि बहुधा स्वस्तही पडते.

खाऱ्या पाण्यातील सावधगिरी

स्टेनलेस पोलादाचेही दोन मुख्य प्रकार बाजारात दिसतात. ३०४ या प्रकारात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ या प्रकारात याशिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते. गोड्या पाण्याच्या विहिरीत ३०४ चालते. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड मात्र त्याचा संरक्षक थर जागोजागी भेदते व टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडते. वरून खड्डा बारीक दिसतो. आत तो खोलवर गेलेला असू शकतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा, तसेच कोकणातील खारभूमी व कोळंबीची तळी या ठिकाणी ३१६ प्रकारच घ्यावा. त्यावर ‘३१६’ किंवा ‘ए ४’ अशी खूण असते. ३०४ वर ‘३०४’ किंवा ‘ए २’ अशी खूण असते. लोहचुंबक लावून हा फरक ओळखता येत नाही, कारण दोन्ही प्रकार चुंबकाला बहुतेक चिकटत नाहीत. म्हणून खूण वाचूनच खरेदी करावी व पावतीवर प्रकार लिहून घ्यावा.

३१६ सुद्धा सर्वस्वी निर्धोक नव्हे. संरक्षक थर भरून येण्यास प्राणवायू लागतो. पिनेचे आटे, कानांच्या फटी व चिखलाखाली दबलेला भाग येथे तो पोहोचत नाही, आणि झीज तेथूनच सुरू होते. साधे लोखंड फुगून, पापुद्रे सुटून आपली गंज उघड दाखविते. स्टेनलेस पोलाद वरून चकाकत राहते आणि आतून पोखरले जाते. त्यावर चहासारखे तपकिरी डाग दिसू लागले, तर ते पुसून समाधान मानू नये. तो भाग घासून स्वच्छ करावा आणि खड्डा किंवा केसाएवढी भेग आहे काय, हे उजेडात निरखून पाहावे. भेग दिसल्यास शॅकल त्याच क्षणी बाद करावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस शॅकल जस्ताचा मुलामा असलेल्या तारदोराला थेट जोडले, तर संपर्काच्या जागी मुलामा लवकर नष्ट होतो. अशा ठिकाणी दोर व शॅकल एकाच जातीच्या धातूचे असावेत.

बसविण्याची योग्य रीत

चांगले शॅकलही चुकीच्या रीतीने बसविले, तर निकामी ठरते. पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. पिनेचे आटे फडक्याने पुसून त्यांवर थोडे ग्रीस लावावे. स्टेनलेस शॅकलमध्ये याची विशेष गरज असते. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे घासले गेले, की संरक्षक थर खरवडला जाऊन दोन्ही पृष्ठे एकमेकांना चिकटतात व पिन मध्येच अडकते. हाताला ती घट्ट लागते, पण प्रत्यक्षात ती पूर्ण आत गेलेली नसते. म्हणून पिन सावकाश फिरवावी. अडकल्यास हातोडा न मारता उलटी काढून आटे साफ करावेत.

२. पिनेची गळपट्टी कानाला टेकेपर्यंत पिन आत बसवावी. पूर्ण आवळल्यावर “पुढे काढावयास सोपी जावी” म्हणून ती पाव फेरा मागे घेण्याची पद्धत सोडून द्यावी.

३. पिनेच्या डोक्यातील भोकातून तार ओवून ती कमानीला बांधावी, म्हणजे पिन आपोआप फिरणार नाही. त्यानंतर पिनेच्या डोक्यावरून कानावर रंगाची एक आडवी रेघ ओढावी. पिन जरा जरी फिरली तरी रेघ तुटलेली दिसते व अक्षरे न वाचणाऱ्यालाही धोका कळतो.

४. हरवलेल्या पिनेच्या जागी दुकानातील साधा नटबोल्ट किंवा सळईचा तुकडा कधीही घालू नये. पिन ही कमानीच्या बरोबरीने, तिच्या मापाने व ताकदीने केलेली असते. पिन हरवली म्हणजे शॅकल हरवले असे समजावे.

५. सरकणारा दोर पिनेवर टेकू देऊ नये. घासणारा दोर पिनेला फिरवून बाहेर काढतो. दोराचे टोक थिंबल घालून पक्के करावे. बकेटच्या साखळ्या कमानीत याव्यात व तारदोराचा फास पिनेवर स्थिर बसावा.

६. शॅकलला वेल्डिंग करू नये, ते तापवू नये व वाकलेले ठोकून सरळ करू नये.

तारदोराचा फास क्लिपांनी केलेला असल्यास १२ मि.मी. दोराला किमान तीन क्लिपा लावाव्यात व दोन क्लिपांत सुमारे ७ सें.मी. अंतर ठेवावे. क्लिपेची खोबणीची बाजू भार घेणाऱ्या दोरावर व वाकलेला बोल्ट आखूड टोकावर यावा. उलट लावलेली क्लिप भाराचा दोरच चेपून कमजोर करते. पहिल्या काही खेपांनंतर सर्व नट पुन्हा आवळावेत.

तिरपा ताण

शॅकलवर उठविलेला आकडा केवळ सरळ ताणासाठी असतो. विहिरीच्या कडेला अडकलेली बकेट यारीने ओढून काढणे, किंवा बाजूला पडलेला मोठा दगड तिरप्या दोराने खेचणे, या नेहमी आढळणाऱ्या चुका आहेत. बो-शॅकलवर ४५ अंशांचा तिरपा ताण आला, तर त्याची सुरक्षित क्षमता सुमारे ७० टक्के राहते. ताण अगदी आडवा आला, तर ती निम्मी होते. दोन टनांचे शॅकल अशा वेळी एकाच टनाचे उरते. डी-शॅकलला तर तिरपा ताण मुळीच देऊ नये. बकेट अडकल्यास यारी थांबवावी, दोर ढिला करावा व बकेट हाताने सोडवावी.

रोजची तपासणी

सकाळी काम सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे या तपासणीसाठी द्यावीत. शॅकल चिंध्यांनी पुसून पाहावे. रंगाची रेघ जुळते काय, कॉटर पिन जागेवर आहे काय, पिन वाकली आहे काय, कमानीचे तोंड फाकले आहे काय, हे पाहावे. नवे शॅकल आणताच तोंडाची रुंदी, तसेच कमान व पिन यांची जाडी मोजून वहीत लिहून ठेवली, तर पुढे तुलना करणे सोपे जाते. कमान किंवा पिन कोठेही मूळ जाडीच्या दहाव्या हिश्श्याइतकी झिजली, तोंड फाकले, खड्डे वा भेगा पडल्या, किंवा भाराचा आकडा वाचता येईनासा झाला, तर शॅकल बाद करावे. बाद शॅकल अडगळीत टाकू नये. ते कापून मोडीत द्यावे. अडगळीतली वस्तू एखाद्या घाईच्या दिवशी पुन्हा यारीवर चढते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने उचलण्याच्या साखळ्या, दोर व इतर साधने यांची किमान बारा महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घेण्याचे बंधन कारखान्यांवर घातले होते. शेतातील विहीर हा कारखाना नव्हे. परंतु भार तोच व माणूसही तोच. कायद्याने सांगण्याची वाट न पाहता हा नियम यारीलाही लावून घेण्यात शहाणपणा आहे.

माणसांची सुरक्षितता

बकेट ही डबरासाठी आहे. माणसांनी तीत बसून किंवा तिच्या काठावर उभे राहून विहिरीत उतरू नये. त्यासाठी विहिरीच्या बाजूला पक्की लोखंडी शिडी लावावी. वेळ वाचतो म्हणून बकेटमधून जाणारा माणूस आपला जीव एका पिनेवर टांगीत असतो.

भरलेली बकेट वर जात असताना तळातील सर्वांनी एका कडेला, ठरविलेल्या जागी सरावे व बकेट काठावर टेकल्याची खूण मिळेपर्यंत मध्यभागी येऊ नये. डोक्यावर शिरस्त्राण असावे. बकेट काठोकाठ भरावी, तिच्यावर शीग लावू नये. यारी चालविणाऱ्याला खूण करण्याचे काम एकाच माणसाकडे असावे. “थांब” ही खूण मात्र कोणीही केली तरी यारी तत्काळ थांबलीच पाहिजे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावात नव्या विहिरीचे काम सुरू झाले, की कार्यकर्त्याने पहिल्या आठवड्यातच तेथे एकदा जावे. शेतकरी, ठेकेदार व मजूर यांना एकत्र बोलावून तीन प्रश्न विचारावेत : शॅकलवर भाराचा आकडा आहे काय? भरलेल्या बकेटचे वजन किती? आज सकाळी शॅकल कोणी तपासले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे न मिळाल्यास तेथेच हिशेब करून दाखवावा. तिसऱ्याचे उत्तर न मिळाल्यास तपासणीचे काम त्याच वेळी एका माणसाच्या नावावर करून द्यावे. जे काम सर्वांचे असते ते कोणाचेच नसते.

ग्रामसभेच्या दिवशी एक चांगले व एक बाद शॅकल शेजारी ठेवून प्रात्यक्षिक करावे. पिन नीट बसलेली व अर्धवट बसलेली कशी दिसते, रंगाची रेघ कशी ओढावी, हे प्रत्येकाला स्वतःच्या हाताने करू द्यावे. व्याख्यानापेक्षा याचा परिणाम अधिक होतो.

विहीर खणून घेणारा शेतकरी तीत मोठी रक्कम घालतो. प्रसंगी कर्ज काढतो. योग्य शॅकलची किंमत त्या खर्चापुढे नगण्य आहे. ठेकेदाराशी करार करताना दर परसाचा भाव ठरवितो त्याच वेळी “शॅकल भारांकित हवे, शिडी हवी व रोज तपासणी हवी” या तीन अटीही शेतकऱ्याने घालाव्यात. त्या विहिरीचे पाणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या शेताला मिळावयाचे आहे. ते काढताना कोणाच्या घरचा कर्ता माणूस जाऊ नये, एवढी काळजी घेणे पाणी पिणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.